धाकटे मास्तर

टर्कीच्या पिल्लाला जन्मतः खाता येत नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की अंग वाळतं न वाळतं तोच जमिनीवर चोच मारू लागतं. टर्कीचं पिल्लू मात्र दाण्याच्या थाळीत उभं राहून, दाणे पायाखाली तुडवत, आसपास कुठे खायला मिळेल का अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघत राहतं आणि शेवटी उपाशी मरतं. पाण्याच्या भांड्याशी उभं राहून ते तहानेनेही मरू शकतं. ही माहिती मला पिल्लं घरी आल्यानंतर मिळाली. आधी मिळाली असती तर आपण कोंबड्याच पाळल्या असत्या, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. पण तिचं हे म्हणणं माहितीच्याही आधीपासूनचं होतं.

मी निवृत्त शाळामास्तर. निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करत राहावं, असं सगळेच सांगतात. काय करावं, ते कोणी सांगत नाही. त्या सुमारास आमच्याकडे टर्कीची हवा होती. डॉक्टर म्हणायचे, मांस पचायला हलकं. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणायचे, या धंद्याला भविष्य आहे. दोघांपैकी कोणीही टर्की डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे दोघांच्या मतात कुठेही विसंगती नव्हती. घरामागे थोडी जमीन होती, तिच्यावर मी पत्र्याची शेड बांधून घेतली.

"कोंबड्या काय, कोणीही पाळतं," मी बायकोला म्हणालो.

"म्हणूनच त्या जगतात," ती म्हणाली.

पिल्लं खोक्यांतून आली. बायकोने शेडमध्ये भुसा पसरला, वर दिवे टांगले, उबेसाठी भोवती पत्र्याचं गोल कुंपण केलं आणि खोकी रिकामी केली. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली आणि उभी राहिली. दाणा होता, पाणी होतं, ऊब होती. फक्त काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं. मला त्या क्षणी माझ्या पहिल्या वर्गाची आठवण झाली.

एवढ्यात त्या गर्दीतून एक पिवळं पिल्लू पुढे आलं. बाकीच्यांपेक्षा लहान, पण चालण्यात विलक्षण आत्मविश्वास. त्याने पायाने भुसा उकरला, दाणा टिपला, पाणी पिऊन चोच वर केली. शेजारच्या टर्कीच्या पिल्लाने ते पाहिलं आणि तसंच केलं. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सगळी शेड खाऊ लागली. ते पिवळं पिल्लू थाळीपासून बाजूला झालं, की मात्र बाकीची पुन्हा नुसती उभी राहत.

"अहो, हे तर कोंबडीचं," बायको म्हणाली. उबवणी केंद्रावरच्या माणसाच्या हातून ते चुकून खोक्यात पडलं होतं. एखाद्याच्या चुकीमुळे कोणाचा तरी जीव वाचला, असं मी माझ्या आयुष्यात प्रथमच पाहत होतो. मी ते परत पाठवायच्या विचारात होतो, कारण आपलं नाही ते आपण ठेवू नये. बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तो विचार तिथेच सोडला.

तिने त्याचं नाव ठेवलं 'धाकटे मास्तर'. त्यामुळे मी आपोआप थोरला झालो. "थोरले मास्तर बोलतात, धाकटे शिकवतात," असं ती दूधवाल्यालाही सांगू लागली. मी हसण्यावारी नेलं. पण छत्तीस वर्षं वर्गात घालवलेल्या माणसाला, आठवड्याचंही न झालेल्या पिल्लाशी तुलना झाल्यावर काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग पक्षीपालनाची तपासणी करणारे सरकारी निरीक्षक आले.

मोटारसायकलवरून उतरून ते माझ्यासमोर हात मागे बांधून ताठ उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं. हा माझा विद्यार्थी. नाव आठवेना, पण जागा आठवली. "पहिला बाक!" मी म्हणालो.

"हो सर," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. असा विद्यार्थी पुन्हा झाला नाही. धडा पाठ म्हणताना तो स्वल्पविरामालासुद्धा थांबायचा. धड्यात काय आहे असं मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानेही मला कधी विचारलं नाही. परस्परांवरचा असा विश्वास आता राहिला नाही.

त्याने शेड पाहिली. दिवे पाहिले. मग तो थांबला.

"सर, ही कोंबडी आहे."

"पिल्लू आहे."

"दोन जातींचे पक्षी एका छताखाली ठेवता येत नाहीत. कोंबडीला बाधत नाही, पण तिच्यापासून टर्कीला रोग लागू शकतो. नियम आहे." त्याने डोळे मिटून नियम पूर्ण म्हटला. स्वल्पविरामांसह.

"रोग लागेल तेव्हा लागेल," बायको म्हणाली. "हे पिल्लू उचललं तर रोग लागायला ती शिल्लक तरी राहिली पाहिजेत ना?"

नियम खोटा नव्हता आणि बायकोही खोटी नव्हती. अशा वेळी सुशिक्षित माणसाने मार्ग काढायचा असतो. मी काढला. मी म्हणालो, "अरे, हे पिल्लू आम्ही पाळलेलं नाही. ते इथे कामाला आहे."

पहिल्या बाकाचा चेहरा उजळला. "म्हणजे कर्मचारी!"

"शिकवायचं काम करतं."

"मग प्रश्नच मिटला. कर्मचाऱ्याला पक्ष्यांचा नियम लागू होत नाही." आम्ही तिघांनी चहा घेतला. बायकोने त्याला दुसरा कप दिला, यावरून ती किती खूश होती ते कळावं. पहिल्या बाकाने टाचण करायला घेतलं. हुद्दा, शिक्षक. कामाचं ठिकाण, शेड. "आणि वय?"

"आठवडा व्हायचाय अजून," बायको कौतुकाने म्हणाली.

पेन थांबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"सर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हा बालकामगार आहे."

"अहो, कोंबडीचं पिल्लू आहे ते!"

"काकू, पक्षी म्हणावं तर शेडमध्ये राहता येत नाही. कर्मचारी म्हणावं तर अठरा पूर्ण हवीत."

"अठरा वर्षांची कोंबडी पाहिलीय का कधी?"

"मी पाहिलेली नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण नियमात तशी कोंबडी गृहीत धरलेली आहे."

त्याच दुपारी धाकट्या मास्तरांची पिळवणुकीतून मुक्तता करण्यात आली. त्यांना टोपलीत घालून स्वयंपाकघरात, बायकोच्या ताब्यात देण्यात आलं. मुक्त झाल्यापासून ते सतत ओरडत होते. सुटकेचा आनंद प्रत्येकजण आपापल्या परीने व्यक्त करतो, असं पहिला बाक म्हणाला.

आता शिक्षकाचं पद रिकामं झालं. रिकामं पद ठेवून शेड चालवता येत नाही. पात्र उमेदवार हवा, आणि तो जागेवर हजर हवा. पहिला बाक माझ्याकडे बघून हसला. मी आधी नाही म्हणालो, कारण तशी पद्धत आहे. मग हो म्हणालो. पुन्हा वर्गात उभं राहायला मिळणार म्हणून मला खरोखर भरून आलं, ते मी लपवणार नाही. कपाटातून काळा कोट काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"तोवर मी एकेकाची चोच पाण्यात बुडवते," बायको म्हणाली. "दोनदा बुडवली की कळतं त्यांना."

"नको काकू," पहिला बाक गडबडून म्हणाला. "मान धरून पाण्यात घालायचं म्हणजे शारीरिक शिक्षा झाली. तिच्यावर कडक बंदी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो आणि शिकवू लागलो. सुरुवातीला अन्नाचं महत्त्व सांगितलं. पिल्लं शांतपणे ऐकत होती. काही उभ्याउभ्या झोपली. अनुभवी शिक्षक यामुळे खचत नाही. पण पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, यालाही मर्यादा असते. शेवटी मी कोट काढला, भुशावर गुडघे टेकले, बोटांची चोच केली आणि थाळीत टकटक टोचू लागलो. एका पिल्लाने मान वाकडी करून पाहिलं. जवळ आलं. आणि त्याने चोच मारली! दाणा टिपला! त्याचं बघून दुसऱ्याने टिपला. साठी उलटलेला मी, भुशात रांगताना आनंदाने ओरडलो.

"सर."

दारात पहिला बाक उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं.

"सर, ही कॉपी आहे."

"काय?"

"तुमचं बघून ते करतंय. त्याचं बघून शेजारचं. स्वतःच्या डोक्याने कोणीच करत नाहीये. माझ्या मागच्या बाकावरच्याला याच कारणासाठी तुम्ही वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. मला अजून आठवतं."

मलाही आठवत होतं. मी गुडघ्यांचा भुसा झटकून उभा राहिलो. जन्मभर ज्या तत्त्वाने जगलो, ते दोन दाण्यांसाठी सोडणं मला शक्य नव्हतं.

तेव्हा असं ठरलं, की करून न दाखवता शिकवायचं. त्यासाठी पहिला बाक कार्यालयातून तक्ता घेऊन आला. तक्ता देखणा होता. पांढऱ्या कागदावर भोपळ्याएवढा पिवळाधमक मक्याचा दाणा, त्याच्या साल, गर आणि कोंब या भागांना बाण आणि नावं, आणि खाली रांगेने नेहमीच्या आकाराचे बरेच दाणे. मी तो पिल्लांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला आणि काय सांगू? टर्कीच्या पिल्लाला चकचकीत रंगाचं मोठं वेड. सगळी शेड तक्त्यावर तुटून पडली. टकटकटकटक! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. एकही पिल्लू झोपलेलं नाही, एकाचंही लक्ष खाली नाही. माझ्या सबंध नोकरीत माझ्या वर्गाने फळ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

"प्रतिसाद उत्कृष्ट," पहिला बाक म्हणाला आणि त्याने लिहिलं, 'प्रगती समाधानकारक'.

बायकोने एक पिल्लू उचलून तळहातावर घेतलं. "हाताला हलकं लागतंय," ती म्हणाली. तिने दुसरं उचललं. तेही हलकं लागलं. डॉक्टरांनी मांस हलकं असतं असं सांगितलंच होतं, याची मी तिला आठवण करून दिली. तिने तिसरं उचललं.

पुढच्या सकाळी तक्त्याच्या खाली एक पिल्लू मरून पडलेलं होतं. चोचीला पिवळा रंग लागला होता. पहिल्या बाकाने ते पाहिलं आणि त्याचाही चेहरा उतरला, कारण तो वाईट माणूस नाही. पण 'मेलं' असं लिहिता येत नव्हतं. वर्गातून विद्यार्थी कमी झाला की त्याला गळती म्हणतात, आणि गळती निकालात धरत नाहीत. त्याने 'गळती' लिहिलं. मला फार वाईट वाटलं. ते लिहायला रकाना नव्हता.

बायकोने ते पिल्लू जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि शेडमागे पुरलं. हात न धुताच ती परत आली. "थाळीभर दाण्यात उभं राहून कागद खात मेलं ते," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघं शिकलेले इथेच होता."

मला वाटलं आता ती तक्ता फाडणार. पण ती माझ्यापेक्षा हुशार आहे, ही गोष्ट मी घरात कबूल करत असतो. तिने पहिल्या बाकाला पाट दिल्यासारखं स्टूल पुढे केलं.

"बस रे बाळा. तुमच्या नियमात मधली सुट्टी असते का?"

"असते ना काकू! असावीच लागते."

"त्या वेळात काय शिकवायचं असतं?"

"काहीच नाही. मधल्या सुट्टीत शिकवायला मनाई आहे."

"आणि मुलांनी कोणाशी खेळायचं, कोणाशी नाही?"

पहिल्या बाकाने डोळे मिटले. बराच वेळ मनातल्या मनात पानं उलटली. "त्याबाबत नियम मौन आहे."

"मौन आहे तर बरंच आहे. त्याला उठवू नकोस. आणि आमच्या घरातल्या लहानग्याला खेळायला पाठवलं तर?"

"बालकाला खेळण्याचा हक्कच आहे काकू," तो भारावून म्हणाला. "तुम्ही असा विचार करता हे पाहून बरं वाटलं."

बायकोने ताटलीवर चमचा वाजवला. मी तक्त्यावर चादर टाकली, कारण सुट्टीत फळा पुसायचा असतो. ती स्वयंपाकघरात गेली आणि धाकट्या मास्तरांना ओंजळीत घेऊन आली. ते भुशावर उतरले, अंग फुगवून झटकलं, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि थाळीकडे निघाले. मागून सगळा वर्ग निघाला. मी दाराशी उभा होतो. वर्गात जे होत नाही ते मधल्या सुट्टीत होतं, हे मी नोकरीत असतानाही ऐकून होतो. पण नियमाप्रमाणे त्या वेळी मी शिक्षकांच्या खोलीत असायचो.

घंटा बायकोच्या हातात असल्यामुळे मधली सुट्टी हळूहळू वाढत गेली. शेवटी शाळा कधी भरते तेच कळेनासं झालं. गळती थांबली. पिल्लांचे पंख फुटले, माना लांबल्या. तक्ता चादरीखाली होता आणि त्याच्यासमोर मी काळ्या कोटात उभा होतो, त्यामुळे नियमात कुठेही खोट नव्हती.

निकाल लागला. शंभर टक्के. वरून पाहणीला आलेल्या साहेबांनी शितावरून भाताची परीक्षा केली, म्हणजे तक्ता पाहिला आणि पिल्लं न पाहता माझा सत्कार ठरवला. सभागृहात जाण्यापूर्वी बायकोने माझ्या कोटावरचा भुसा झटकला. एरवी ती मला काही मागत नाही.

"एकच वाक्य बोला तिथे," ती म्हणाली. "कोंबडीच्या पिल्लाने शिकवलं, एवढंच. बाकी काय हवं ते बोला. बाकीचे लोक पिल्लं आणणार आहेत हो."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. वाक्य सोपं होतं, व्याकरणही शुद्ध होतं. व्यासपीठावर चढेपर्यंत ते माझ्या ओठांवर होतं. मग माझ्या हातात मानचिन्ह आलं. लाकडाच्या चौकटीत पितळी दाणा. समोर पहिल्या रांगेत पहिला बाक बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अशा वेळी माणूस कोंबडीचं नाव घेतो का? मी म्हणालो, "हे यश तक्त्याचं आहे." टाळ्या वाढल्या. बायको मागच्या बाजूला बसली होती. मान वर करून पाहिलं तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतरचं सगळं पद्धतशीर झालं. प्रत्येक शेडमध्ये तक्ता सक्तीचा झाला. माझ्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तक्त्याने इतका फायदा होतो तर तक्त्यासमोरचा वेळ वाढवावा, असा अगदी तर्कशुद्ध विचार समितीने केला आणि मधली सुट्टी रद्द केली. ठरावावर पहिली सही माझी आहे. आता संध्याकाळी रस्त्याने फिरायला गेलं की प्रत्येक शेडमधून टकटक ऐकू येते. निकाल सगळीकडे शंभर टक्के आहे. गळती अर्थातच निकालात धरत नाहीत.

आमच्याकडेही नवी पिल्लं आली. बायकोने ती शेडमध्ये येऊच दिली नाहीत. ती स्वयंपाकघरात असतात. धाकटे मास्तर आता चांगले तुरेबाज झाले आहेत. ते पाटाखाली उकरून पिल्लांना हाक मारतात आणि तिथे मला प्रवेश नाही. बायको मला आता थोरले मास्तर म्हणत नाही. नुसतं 'अहो' म्हणते. मी रोज कोट घालून रिकाम्या शेडमध्ये जातो, तक्त्यासमोर उभा राहतो आणि शिकवतो. हजेरी पूर्ण असते.

मागच्या आठवड्यात रस्त्यापलीकडच्या शेतातली एक तरुण बाई आली. तिच्या हातात चपलांचं खोकं होतं. तिने ते माझ्यासमोर उघडलं. आत तीन पिल्लं होती, चोची पिवळ्या झालेल्या. त्यातलं एक अजून हलत होतं.

"मास्तर, तक्ता लावलाय हो नीट," ती म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "दिवसभर टोचतात, तरी अशी होतात. खरं सांगा, तुमच्या पिल्लांना खायला कोणी शिकवलं?"

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. टाळ्या नव्हत्या, साहेब नव्हते. एवढ्यात स्वयंपाकघरातून धाकटे मास्तर आरवले, अगदी नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणावं तसे. मी घसा साफ केला.

"तक्ता डोळ्यांच्या रेषेत आहे ना?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि खोक्याचं झाकण लावलं. मागच्या दारातून बायकोने तिला हाक मारली. त्या दोघी काय बोलल्या, ते मी ऐकलं नाही, कारण माझा पाठ चालू होता. जाताना मात्र तिच्या खोक्यातून, स्वयंपाकघरात खायला शिकलेलं एखादं पिल्लू चिवचिवावं तसं, काहीतरी दणदणीत चिवचिवत होतं.

ही हकीकत मी समितीच्या अहवालात घालणार होतो, पण तिथे रकाना नाही, म्हणून इथे लिहिली. आता एवढंच सांगायचं राहिलं, की हा कागद आहे. यावर दाणा नाही. तरी तुम्ही पांढऱ्यावरचे काळे ठिपके एकेक करून टिपत इथवर आलात. मध्ये दोनचारदा हसलात. पहिल्या बाकाला हसलात, मलाही हसलात. पण त्या बाईचं खोकं उघडं असताना मान वर करून, मास्तर, खरं सांगून टाका, असं तुम्हीही म्हणाला नाहीत.

प्रगती समाधानकारक.